मिरची उतरली असं मला वाटलं

कोरीट गावच्या रूथमावशींचं नाव आधी लिहिते. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. नंदुरबारला रविवारच्या प्रार्थनेत शेजारी बसायच्या, एवढीच ओळख. आता काय झालं ते सांगते.

"टीबी आहे," डॉक्टर म्हणाले. सरकारी दवाखान्यातल्या बाकावर मी सकाळपासून बसून होते. एक्स-रे झाला होता, मग स्प्युटम टेस्ट, म्हणजे खोकून काढलेला बेडका तपासतात ती. "सहा महिने गोळ्या. एक दिवस चुकवायची नाही. बरी होशील." मी मान हलवली. शाळा सातवीत सुटलेली, डॉक्टरांना उलट विचारायचं धाडस नव्हतं.

खोकला जुनाच होता. मी मिरचीच्या पथारीवर कामाला, म्हणजे मैदानात लाल मिरची वाळत घालतात तिथे. देठ खुडताना सगळ्याच बाया खोकतात. मला ठसका लागला की म्हणायच्या, "कोनी तरी याद करी ऱ्हायनं तुले." मीही हसायचे. माझं गाव नवापूरच्या डोंगरात, आईबाप हंगामात ऊसतोडीला गुजरातमध्ये. तेच आठवण काढत असतील, असं वाटायचं. म्हणून खोकल्याचं कधी भय वाटलं नाही.

टीबी कळल्यावर काम बंद, प्रार्थनेला जाणंही बंद. आपल्यामुळे कुणाला लागेल ही धास्ती. घरमालकीण तशी बरी, पण माझा पेला वेगळा झाला. आईला फोनवर सर्दी आहे म्हणून सांगितलं. दिवसभर खोलीत एकटी. कधी कधी संध्याकाळी लक्षात यायचं, आज आपला आवाजच निघाला नाही.

गोळ्या सुरू झाल्या आणि लघवी लाल-केशरी झाली. आधी घाबरले. मग माझा मीच अर्थ लावला. इतक्या वर्षांची मिरची अंगात मुरली होती, ती आता धुऊन निघतेय. पुढे खोकला कमी झाला. गोळीने मळमळायचं, म्हणून थांबवून पाहिली, तर लघवी स्वच्छ. मला केवढा आनंद झाला. मिरची उतरली, मी बरी झाले. उरलेल्या गोळ्या पेटीत टाकल्या. आठवड्याने गावी जायला पिशवी भरली.

त्या दुपारी दारात रूथमावशी. हातात फडक्यात बांधलेली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर.

"तुमले कोनी सांगं?" मी विचारलं.

"कोनीच नही. भाकर टाकता टाकता तुन्हं नाव मनमा उनं. मागला आठवडामाबी उनं व्हतं. मी म्हनं, शेतमा निंदणी शे, मंग पाहू. आज परत उनं. तवा उतारा नि निंघनू."

त्या उंबऱ्यावर बसल्या. मी मिरची उतरल्याची गोष्ट सांगितली. त्यांनी फडकं सोडून भाकर माझ्यापुढे ठेवली.

"मिरची तं मी बी जलमभर खाधी. मन्हं कधी लाल व्हयनं नही. चाल, डॉक्टरले पुसू."

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "रंग रिफाम्पिसिनचा आहे. तुझ्या गोळीतलं ते औषध. गोळी थांबली की रंग जातो, जंतू आतच राहतात. अजून उशीर केला असतास, तर याच गोळ्या कदाचित लागू पडल्या नसत्या. विचारायचं होतंस."

"इचारी कोनले, साहेब?" मावशी म्हणाल्या. "एकलीच शे ती."

येताना रिक्षात मावशी रडल्या. पहिल्यांदा नाव आलं तेव्हाच यायला हवं होतं, म्हणाल्या. मी गोळ्या सोडल्या तो तोच आठवडा होता.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. रोज सकाळी मावशींचा फोन, आणि 'कशी शेस' न विचारता, "व्हयनं का लाल?" मी म्हणायचे, "व्हयनं." मग आम्ही दोघी प्रार्थना करायचो. शेवटच्या टेस्टमध्ये जंतू सापडले नाहीत.

जे या गोळ्या घेत असतील त्यांना सांगते, रंग गोळीचा असतो. भीती वाटली तर विचारा, आणि बरं वाटलं तरीही विचारा. आणि ज्यांच्या मनात उगीच कुणाचं नाव येतं, त्यांनी जाऊन यावं. देव मोठ्याने बोलत नाही. मी खोलीत म्हणायचे, देवा, कुणाला तरी पाठव. तो तिकडे कोरीटला, चुलीपाशी, सांगत होता.

मावशी, हे मी कधीतरी फेडेन. तुमचं नाव माझ्या मनात एकदा आलं, की दुसऱ्यांदा यायची वाट बघणार नाही. तवा उतरवीन आणि निघेन.