सरांच्या शब्दांवर माझं नाव

माझ्या हातून एक चूक झाली, म्हणून आपल्या कोशाच्या गटावर लिहितोय.

आपल्या सीमाभागातल्या मराठी शब्दांचा खुला कोश मी आज सकाळी सबव्हर्जन या जुन्या प्रणालीवरून गिट या नव्या प्रणालीवर हलवला; कुठला शब्द कोणी कधी भरला, याचा इतिहास या प्रणाली ठेवतात. गिटला प्रत्येक जुन्या नोंदीसाठी ती करणाऱ्या माणसाचं नाव आणि ईमेल लागतो. आपले दिवंगत वाघमारे सर ईमेल वापरत नसत. त्यांच्या जागी मी तात्पुरतं माझं नाव टाकलं आणि ते बदलायचं राहून गेलं. बाकी सगळी नावं तीनदा तपासली होती.

दुपारी तेलंगणातल्या जैनथहून सरांच्या मुलीचा फोन आला.

"दादा, बाबाचं नाव काऊन नाही दिसून राह्यलं? सगळीकडं तुमचंच हाये. आईले दाखवाले उघडलं होतं मी."

"चुकलं ताई," म्हणालो आणि लगेच प्रकल्पप्रमुखांना फोन लावला.

ते म्हणतात, "आता सगळ्यांनी आपापल्या संगणकावर प्रत उतरवली. जुन्या नोंदी बदलल्या तर त्या प्रती जुळणार नाहीत. सरांचं नाव आभारात टाकू."

सरांनी गावोगाव फिरून जमवलेले शब्द आज माझ्या नावावर आहेत. मी नावं दुरुस्त केली, तर तुम्ही आपली प्रत पुसून नवी उतरवाल का?

सर असते तर "राहू दे ना बाप्पा" म्हणाले असते. स्वतःसाठी त्यांनी हे मागितलं नसतं, म्हणूनच मी विचारतोय.