प्रेमिलानं शेवटी लिहिलं ‘खतम’

खोटं काहून सांगू, मनोहरराव सरांचा मले आजही राग येते. सत्याऐंशी साली सीताबर्डीवर त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता, अन् मी, सत्यवती, प्रेमिलाच्या बाजूलेच बसत होती.

प्रेमिला तितरमारे कुही गावची. खाप्याच्या सासरी मार खाऊन माहेरी आलेली. भावानं वर्षाची मुदत दिली होती: नौकरी लागली तर ठीक, नाहीतर परत खाप्याले. कळमेश्वरच्या एका कारखान्यात ऑपरेटरची एकच जागा होती. क्लासमधून एकालेच घेणार होते.

त्या दिवशी सर लूप शिकवत होते. लूप म्हणजे मशीननं तेच काम पुन्हा पुन्हा करणं. सरांचा कायदा असा, की फेऱ्या किती ते आधीच आकड्यात सांगायचं अन् मधून बाहेर पडायचं नाही.

प्रेमिला म्हणाली, "काहून सर? आमच्या धानाच्या बांधीत बाया पऱ्ह्याची रोपं मोजून रोवतात का? सडकं रोप निघालं तर फेकतो, पुढचं घेतो. रोपांच्या पेंढ्या सरल्या की बांधीबाहेर धुऱ्यावर येतो. अन् साप निघाला तर तसंच बाहेर!"

सारा वर्ग खिदळला. सरांचा भाचा केशव तर टेबल वाजवून हसला.

सर म्हणाले, "हे कुही नाही, बाई. माझ्या पद्धतीनं लिही, नाहीतर तुझं नाव पाठवत नाही."

"नका पाठवू. लिहीन तर असंच लिहीन."

"काय वं, खाप्याले जायचं हाय का तुले?" मी तिले कोपरानं ढोसलं. पण वहीत लिहिलेली मधून बाहेर पडायची ओळ तिनं खोडली नाही.

कारखान्याचे साहेब आले त्या दिवशी सरांनी केशवचंच नाव दिलं. प्रेमिला रिकाम्या मशीनवर जाऊन बसली.

"ऊठ," सर म्हणाले.

"नाही उठत. फी भरली हाय."

"बसू द्या," साहेब हसले. त्यांनी दोघांना कामगारांची यादी दिली. वर लिहिलं होतं, साठ. रजेवरचे सोडायचे अन् शेवटी हजर किती ते दाखवायचं. केशवनं साठ फेऱ्या लावल्या. प्रेमिलानं नावं संपल्यावर एक जादा ओळ टाकली, ‘खतम’. रजा दिसली तर पुढचं नाव घे, खतम दिसलं तर बाहेर ये.

केशवच्या पडद्यावर एरर! काम सोडून गेलेल्यांची नावं कारखान्याच्या बाबूनं गाळली होती, पण वरचा आकडा तसाच होता. नावं बावन्नच. त्रेपन्नावं नाव मिळेना, तिथंच मशीन अडलं. प्रेमिलाचं उत्तर आलं, सत्तेचाळीस. साहेबांनी बोट ठेवून मोजलं. बरोबर निघालं.

"कोणी शिकवलं?"

सर लगबगीनं पुढे झाले. "माझीच विद्यार्थिनी, साहेब."

वा रे वा! माझं तर डोकंच फिरलं. पण प्रेमिलाच उठली. "मशीन सरांनी शिकवलं. कुठून कधी निघायचं ते माझ्या मायनं, पंचफुलानं, चिखलात उभं करून शिकवलं."

साहेबांनी नौकरीचा कागद पुढे घेतला अन् पेन काढला. "नवऱ्याचं नाव?"

"ते गाळा. प्रेमिला तितरमारे लिहा. तिथून मी निघाली."