खाऱ्या हवेची गिरकी

माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे, असा माझ्या बायकोचा लग्नापासूनचा समज आहे. पण ही गोष्ट तिलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो — म्हणजे सांगायचा प्रयत्न करतो, कारण हा विषय आला की मी आधी हवेबद्दल बोलायला लागतो.

तर हवा. रत्नागिरीची हवा खारी आहे, हे खरंच आहे. सायकलची चेन, खिडकीचे गज, सगळ्यांना गंज धरतो. त्यात माझा काय दोष? काहीच नाही. दोष पुढे आहे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मिरजोळ्याला लोखंडी कपाटांच्या कारखान्यात आम्ही दोघं स्प्रेगननं रंग मारायचो, अण्णा आणि मी. अण्णा आधी मिरकरवाड्याच्या बंदरात मच्छीमारांच्या लाँचा रंगवायचे. मला त्यांनीच शिकवलं. गन कपाटापासून दीड वीत, हात सरळ न्यायचा, कडेला आलं की चाप सोडायचा. माझा हात वाकडा गेला की म्हणायचे, "मेल्या, कपाटाला रंग लाव, हवेला नको." कपाट झालं की ते वाकून खालचा कोपरा बघायचे आणि नुसतं 'हं' करायचे. त्या 'हं'साठी मी दिवसभर राबायचो.

मग मालकांनी आपोआप रंग मारणारं मशीन घ्यायचं ठरवलं. त्याआधी आमचा हात मोजायला पुण्याहून एक इंजिनियर आला. हात कसा जातो, किती सेकंदात जातो, ते सगळं लिहून न्यायचं आणि मशीनला तसंच हलायला लावायचं. अण्णा पाठीमागे कुणी उभं राहिलं की गुरगुरायचे, म्हणून त्यानं मला निवडलं. स्टॉपवॉच, फूटपट्टी, वही. माझ्या चपलांभोवतीसुद्धा त्यानं खडूनं रेघ मारली. लग्नात नवरदेवाकडे इतकं कुणी बघितलं नव्हतं.

पण मशीन आलं की दोघांपैकी एकच राहणार, तोही राहिला तर — हे कारखान्यात सगळे बोलत होते. आणि माझं नवीन लग्न झालेलं. मी डोकं चालवलं. मशीन वर-खाली जाणार, आडवं जाणार. गोल फिरेल का? नाही फिरणार. मग प्रत्येक दार संपताना खालच्या कोपऱ्यात मी मनगटानं एक गिरकी घ्यायला लागलो — आरती ओवाळतात तशी. इंजिनियरनं विचारलं, हे कशासाठी? मी म्हणालो, "इथली हवा खारी, साहेब. गिरकीशिवाय कोपरा गंजतो."

त्यानं ते लिहून घेतलं. अधोरेखितसुद्धा केलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी ही गोष्ट चारचौघांत हसत सांगितली असती. पण त्या गिरकीत मी चाप सोडत होतो. नुसती रिकामी गन फिरवत होतो. कंप्रेसरच्या आवाजात आणि रंगाच्या धुक्यात कुणाला कळणार? वहीत मात्र लिहिलं गेलं: चाप दाबलेला. तसा तक्ता भिंतीवर लागला आणि मशीन येईपर्यंत दोघांनी त्याबरहुकूमच काम करायचं ठरलं.

अण्णांनी तक्ता वाचला. "मी कपाट रंगवतो, ओवाळत नाय," म्हणाले. पण हुकूम तो हुकूम. त्यांनी चाप दाबून गिरकी घेतली. कोपऱ्यात जादा रंग बसला आणि ओघळ आला. दुसऱ्या कपाटाला आला, तिसऱ्याला आला. माझ्या कपाटांना एकही नाही. इंजिनियर म्हणाला, "याला जमतं, मग तुम्हाला का नाही?" अण्णांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

'अण्णा, चाप सोडा.' तीन शब्द होते. मला येत नव्हते का? मी मास्क नीट करत बसलो.

इंजिनियरनं वहीत लिहिलं: वय झालं, हात थरथरतो. अण्णांचा हात! डोलणाऱ्या लाँचेवर सरळ रेघ ओढणारा. त्यांना पॅकिंगला पाठवलं, कपाटांना पेंढा आणि गोणपाट बांधायला. जाताना त्यांनी गन पुसून माझ्या हातात दिली.

आणि मशीन? गिरकीसाठी त्याला खास चकती बसवली होती, त्यामुळे ते चार महिने उशिरा आलं. मोठ्या दिमाखात ओवाळायचं. अर्थातच चाप दाबून. प्रत्येक कपाटाला ओघळ. पुण्याचे लोक येऊन बघून गेले आणि हवेला दोष देऊन गेले. मग तो ओघळ फडक्यानं पुसायला एक माणूस नेमला. तो मी. माझी नोकरी पक्की झाली. पुढे कित्येक वर्षं मी माझीच थाप पुसत होतो. कधीकधी एखादा ओघळ राहून जायचा, आणि ते कपाट बांधायला अण्णांकडेच जायचं.

ते निवृत्त झाले तेव्हा कारखान्यानं त्यांना एक कपाट भेट दिलं. काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. कपाट बाहेरच्या खोलीतच होतं. खालच्या कोपऱ्यात ओघळ — माझ्या फडक्यातून सुटलेला. वहिनी कोकम सरबत करायला आत गेल्या. अण्णा सावकाश खाली वाकले, ओघळावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्या कशानं होतं रे? तुला तरी कळलं काय कधी?"

आवाजात राग नव्हता. खोलीत आम्ही दोघंच होतो. ते वाकलेलेच, वर माझ्याकडे बघत.

मी म्हणालो, "खारी हवा, अण्णा."

त्यांनी नुसतं 'हं' केलं. वहिनी सरबत घेऊन आल्या. मी दोन पेले प्यायलो.