एक जिन्नस कमी

पुस्तकं बांधण्याच्या त्या कारखान्यात दुपारी चारला चहा यायचा, आणि चहाबरोबर सगळ्या बायकांना एकच प्रश्न पडायचा: आज रात्री करायचं काय? हा प्रश्न त्या एकमेकींना विचारत नसत. लांब टेबलाच्या टोकाला छापील कागदांच्या घड्या घालत बसलेल्या वहिनींना विचारत. वहिनी नेमक्या कुणाच्या वहिनी होत्या कोण जाणे. तीस वर्षांत मालकापासून हमालापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत आले होते.

वहिनींची पद्धत ठरलेली. हातातली घडी पट्टीनं दाबत त्या म्हणायच्या, "घरात काय आहे ते सांग." समोरची रडवेल्या आवाजात सांगायची, दोन बटाटे, अर्धा कोबी, सकाळचा भात.

"मग तोंड पाडून काय बसलीयेस? बटाटे उकड, आणि ते पाणी ओतून देऊ नकोस, त्यातच कोबी शिजव. भात तव्यावर पसर, खालून खरपूस होईपर्यंत हात लावू नकोस. वरून लिंबाची साल किसून घाल. साल म्हणतेय मी, रस नाही."

लिंबाची साल, बटाट्याचं पाणी आणि सालासकट भाजलेला लसूण, हे त्यांचे लाडके. एखादीच्या घरी यातलं एकही नसेल तर वहिनी तिच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तशा बघायच्या. बाकी कुणालाही त्यांनी कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही. टेबलावरच्या रद्दी कागदांच्या पाठीवर बायका त्यांचं बोलणं लिहून घ्यायच्या, आणि निम्म्या शहरात रात्री वहिनींच्या अकलेनं चुली पेटायच्या.

इतकं भरभरून सांगणाऱ्या बाईत खोट कसली असणार? पण होती. प्रत्येक पदार्थातला एक जिन्नस वहिनी सांगत नसत. त्याला कारण होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी धाकट्या जावेनं त्यांच्याकडून वांग्यांची कृती शिकून घेतली, आणि भरल्या घरात सासऱ्यांनी बोटं चाटून तिचं कौतुक केलं. त्या पंगतीत वाढत कोण होतं, तर वहिनी. तेव्हापासून त्यांनी हातचं राखायला सुरुवात केली. कुठे चिमूटभर साखर, कुठे एखादी लवंग. कुणी म्हणालं, "वहिनी, तुमच्यासारखं काही होत नाही हो," की त्या म्हणायच्या, "हाताचा गुण असतो बाई," आणि आतल्या आत सुखावायच्या. यात कुणाचं काय बिघडतं, असं त्यांना मनापासून वाटे.

चार महिन्यांपूर्वी कामाला लागलेली एक बाई होती. तिला सगळे अजून नवीच म्हणत. ती, तिची सहा वर्षांची लेक, एवढंच घर. नवी कमी बोलायची, पण वहिनींची कृती सर्वांत नीट तीच लिहून घ्यायची, एकाखाली एक. लेक जेवायला फार छळते, हे तिचं रडगाणं ऐकून वहिनींना तिची दया यायची, आणि अधूनमधून त्या तिला डबा भरून द्यायच्या. दुसऱ्या दिवशी नवी धुतलेला डबा परत करून सांगायची, "लेकीनं आवडीनं खाल्लं."

त्या गुरुवारी वहिनींनी लाल भोपळ्याचा रस्सा आणला होता. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी पुसूनपुसून खाल्ला. मोठ्या डब्यात उरलेला त्यांनी नवीच्या डब्यात ओतला.

"ने लेकीला. भोपळा आहे हे सांगू नकोस म्हणजे झालं."

"यात काय काय आहे वहिनी?" नवीनं कागद ओढला.

"भोपळा, कांदा, भाजलेला लसूण, टोमॅटो, मिरी, मीठ, तेल."

"अजून काही?"

"अजून काही नाही."

दोन अक्रोड होते. कांद्याबरोबर परतून लोण्यासारखे मऊ वाटलेले. रश्श्याला जो दाटपणा येतो, तो त्यांचाच.

साडेपाचला कारखाना सुटला. फाटकाशी वहिनींना शिलाई मशीनवरची बाई भेटली. दोघी बसथांब्याकडे निघाल्या.

"नवीला डबा दिलात, बरं केलंत," मशीनवाली म्हणाली. "त्या पोरीच्या खाण्याचे फार हाल. काजू, बदाम, अक्रोड, तसलं काही चालत नाही तिला. मागं एकदा केकमधून पोटात गेलं, तर घसा सुजून श्वास अडकला. वेळेवर दवाखान्यात नेली म्हणून वाचली. तुमचा रस्सा साधाच होता ना?"

"साधाच," वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

मशीनवालीची बस आली आणि ती गेली. वहिनी तिथंच उभ्या राहिल्या. त्यांनी थांब्याचा खांब धरला. नवीच्या घरी तेल कुठलं, मीठ किती लागतं, सगळं त्यांना ठाऊक होतं. पोरीला काय चालत नाही, हे चार महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

त्यांनी फोन लावला. घंटा वाजत राहिली. कामावर फोनचा आवाज बंद ठेवायचा नियम होता, आणि नवी घरी गेल्यावरही तो सुरू करायला विसरायची. तीनदा लावला. मग त्यांनी निरोप लिहिला: "रस्सा लेकीला देऊ नको. खराब झालाय."

पाठवायचं बटण दाबता दाबता त्या थबकल्या. नवी डबा उघडेल, वास घेईल. रस्सा चांगलाच असणार. बिचारी म्हणेल, वहिनी उगाच काळजी करतात, आणि वाढेल. एका पोरीचा जीव धोक्यात आहे आणि आपण अजून जिन्नस लपवतोय? वहिनींना स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. त्यांनी सगळं पुसलं आणि लिहिलं: "अक्रोड आहेत त्यात. मी सांगितलं नाही." निरोप गेला. पण उघडल्याची खूण काही येईना.

नवीच्या घरी त्या कधी गेल्या नव्हत्या. पण ती भाजी कुठून घेते हे त्यांना माहीत होतं: पाण्याच्या टाकीखालचा भाजीवाला, घरासमोरच. त्या टाकीवरून जाणाऱ्या बसमध्ये चढल्या. बसायला जागा होती, तरी उभ्याच राहिल्या. लेक सातला जेवते, नवीनं एकदा सांगितलं होतं. घड्याळात साडेसहा वाजून गेले होते. प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांचा त्यांना राग येत होता. एक म्हातारा पायरीवरच सुटे पैसे शोधत उभा राहिला, तेव्हा त्याला ढकलून द्यावं असं वाटलं. इतक्या वर्षांत कुणाला काही झालं नाही, मग आजच कशाला होईल, असं त्या मनाला बजावत होत्या, आणि मन काही ऐकत नव्हतं.

टाकीपाशी उतरल्यावर त्यांनी धापा टाकत भाजीवाल्याला विचारलं, "लहान मुलीला घेऊन येते ती... बारीकशी, पुस्तकांच्या कारखान्यातली..."

"प्रत्येक पाकिटावरचं वाचत बसते, ती? समोर. तिसरा मजला, डावीकडे."

तिसऱ्या मजल्यापर्यंत वहिनींचे गुडघे कसे पोहोचले ते गुडघ्यांनाच माहीत. शेवटच्या वळणावर त्यांना वास आला. सालासकट भाजलेला लसूण, परतलेला कांदा. त्यांचाच रस्सा, गरम केलेला.  त्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारू लागल्या.

दार नवीनं उघडलं. तिच्या हातात चमचा होता.

"लेकीनं खाल्लं?"

"काय झालं वहिनी? आत या आधी."

"खाल्लं का तिनं?"

नवीच्या मागं छोट्या टेबलाशी पोरगी बसली होती. पुढ्यात भात आणि अंड्याची पोळी. गाल भरलेले, श्वास चांगला चाललेला. दारातल्या घामेजलेल्या बाईकडे ती टकमक बघत होती. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नवीची थाळी होती आणि तिच्यात भोपळ्याचा रस्सा.

वहिनी दारातच खाली बसल्या. "अक्रोड आहेत त्यात," त्या म्हणाल्या. "तू विचारलंस तरी मी सांगितले नाहीत."

 नवीनं पाण्याचा पेला आणून त्यांच्या हातात दिला.

"तुमच्या डब्यातलं मी तिला कधीच देत नाही, वहिनी."

"पण तू तर म्हणायचीस, आवडीनं खाते..."

"मी खाते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तसं सांगायचे." ती चमच्याकडे बघत बोलली. "पहिल्याच आठवड्यात मला मशीनवालीनं सांगितलं. वहिनींचा हात धरणारं कुणी नाही, पण एक जिन्नस त्या पोटातच ठेवतात. सगळ्यांना माहीत आहे. तरी मी दर वेळी विचारते. म्हटलं, एखाद्या दिवशी सांगतील."

वहिनींचा जीव भांड्यात पडला होता, आणि तरी त्यांना मान वर करता येईना. म्हणजे तीस वर्षं टेबलाभोवतीच्या बायका माना डोलवत होत्या, लिहून घेत होत्या, आणि मनात हसत होत्या. आज फाटकाशी मशीनवालीनं विचारलं ते उगाच नव्हतं. तिनं सांगायची संधी दिली होती, आणि वहिनी म्हणाल्या होत्या, साधाच. रडू आलं ते पोरीच्या सुटकेचं होतं की या लाजेचं, त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांच्यावर विश्वास नव्हता, म्हणून ती पोर समोर भात खात बसली होती.

"आई, या का रडतात?" पोरीनं विचारलं.

"जिना फार चढल्या," नवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चारच्या चहाला वहिनींनी कुणी विचारायच्या आधीच सुरुवात केली. भोपळ्यात अक्रोड, वांग्यात गूळ, कोबीत लवंग. एकेक करून सगळं ओतलं.  कागदावर मात्र कुणीच लिहीत नव्हतं.

"बरं," शेवटी मशीनवाली हसत म्हणाली, "आणि खरं काय असतं?"

"हेच खरं."

"हो हो," ती म्हणाली, आणि दोघीतिघी खुदकन हसल्या.

नवी हसली नाही. वहिनी उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि विचारलं, "लेकीला काय काय चालत नाही, ते आधी सांग." नवीनं सांगितलं. वहिनींनी ते रद्दी कागदाच्या पाठीवर लिहून घेतलं, एकाखाली एक, आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

सोमवारी त्यांनी छोटा डबा आणला. घरातली पातेली दोनदा घासून, नवा लसूण आणून केलेला. "बटाटा, गाजर, लसूण, मीठ, तेल, लिंबाची साल," त्या म्हणाल्या.

नवीनं सगळं लिहिलं. मग मान वर केली.

"अजून काही?"

"अजून काही नाही."

नवीनं डबा घेतला आणि पिशवीत ठेवला. मंगळवारी धुऊन परत दिला. लेकीनं खाल्लं का, हे वहिनींनी विचारलं नाही, आणि नवीही काही बोलली नाही.