चष्मा दोनदा पुसणारा

आमच्या बोरी गावात एक प्रेसवाला आहे. लग्नपत्रिका छापतो, शिक्केही बनवतो. बोलण्याआधी सदऱ्याला चष्मा पुसतो. बातमी वाईट असली तर दोनदा पुसतो.

मी शाळेत शिकवायचे तेव्हा आमच्या मोठ्या बाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्यानंतर सगळ्यांत जुनी मीच. मग काय, ऑर्डर निघायच्या आधीच मी शहाणी ‘मुख्याध्यापिका’ असा शिक्का करायला प्रेसवर गेले, तेही जरीची साडी नेसून!

त्यानं चष्मा दोनदा पुसला. "बाई, लय घाई करायलाव. आधी हे वाचा."

संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलाची पत्रिका होती. नवरी साखर कारखान्याच्या चेअरमनची लेक, नावापुढे कंसात एम.ए., बी.एड.

"लग्नाचा आन् शाळेचा काय संबंध?" मी ठसक्यात विचारलं.

तो हसला नाही. शिक्क्याची ऑर्डरही घेतली नाही. जूनमध्ये त्या सूनबाई मुख्याध्यापिका झाल्या.

आता त्याच शाळेत एक जागा निघालीय. उद्या माझ्या नातीची मुलाखत आहे. म्हणून आज आधी प्रेसवर गेले.

"अध्यक्षांकडं काही कार्य हाय का हो?"

त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. सूनबाईंच्या मुलाची पत्रिका. नवरीच्या नावापुढचा कंस रिकामा.

"बी.एड.चा निकाल लागायचाय, बाई. तोवर छापू नका म्हणाले."

त्यानं चष्मा पुसला. दुसऱ्यांदा पुसायच्या आत मी उठले. नातीच्या साडीला इस्त्री करायची होती.