आतलं अस्तर

खबर मला डाक्टरनं दिली. पारनेरात माझं शिलाईचं दुकान आहे, समोरच्या किराणावाल्याकडं फोन आला आणि त्यानं मला हाक मारली. मी एका नवरदेवाच्या कोटाला काजं करत होतो. घरची सकाळच्या एसटीनं नगरला तपासणीचं रक्त द्यायला गेली होती, तिथंच दवाखान्याच्या बाकावर गेली. शेवटच्या घडीला तिचा हात डाक्टरच्या हातात होता... आणि माझ्या हातात सुई. महिना उलटून गेला, पण ते अजून सोसत नाही.

मी फारसा शिकलेला नाही, आहे तसं लिहितो. त्या डाक्टरचा मला हेवा वाटतो. वयानं माझ्या पोरासारखा. घरचीला शुगर होती, पण कार्डिओग्राम चांगला यायचा, तरी हा थोड्या थोड्या महिन्यांनी तिला बोलावून रक्त काढून घ्यायचा. एकदा सोबत गेलो तेव्हा मला म्हणाला, "मामा, तुम्ही कोट शिवता, तुम्हाला लवकर समजेल. रक्ताच्या नळीला आतून अस्तर असतं. ते दुखावलं की त्यातलं काहीबाही रक्तात उतरतं. ते मोजून काळजाचं दुखणं आधी ओळखता येतं का, ते आम्ही बघतोय. अजून सगळा अंदाजच आहे." घरची शाळेतल्या पोरीसारखी मान डोलवत होती. मला राग आला. जन्मभर अस्तरं लावली मी, आणि हिच्या आतलं अस्तर बघणार हा.

नगरला जायचं म्हणजे ठेवणीतलं लुगडं निघायचं. त्याला बाजरीची भाकरी आवडते म्हणून फडक्यात बांधून न्यायची, वर ठेचा. एकदा मी म्हटलं, त्याला बायको हाय की करून घालायला. तर म्हणाली, "हाय, पन तिला भाकरी थापता येत न्हाई. तुमी तुमचं मशीन बघा." तो तिला सुभद्राबाई म्हणायचा. मी लग्नापासून 'अगं'. आमच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. शेजारच्या पोराचं नाव किसन आणि माझंही किसन, तर त्याला ती 'ह्यांच्या नावाचा' म्हणून हाक मारायची. तिच्या तोंडून माझं नाव निघालं ते लग्नातल्या उखाण्यात, आणि तेही वाजंत्र्यांच्या गोंगाटात बुडालं.

तेरावं उरकल्यावर डाक्टर दुकानात आला. तिचं थोडं रक्त गोठवून ठेवलंय, पुढच्या तपासण्यांना वापरू का, म्हणून विचारायला. नको म्हटलं तर टाकून देणार होता. मी उलट त्यालाच विचारलं, काळजाचं दुखणं तिला ठाऊक होतं का?

"होतं. अस्तरातलं ते काहीबाही रक्तात वाढत होतं, मी त्यांना सांगितलं, गोळ्याही वाढवल्या. त्या म्हणाल्या, ह्यांना कळू देऊ नका, मशीन बंद करून माझ्याकडं बघत बसतील."

मला ती शुगरच्या गोळ्या म्हणून सांगायची. म्हणजे त्याच्याजवळ बोलली... माझ्याजवळ नाही. मी तोंड फिरवून बसलो. तो उठला आणि दारात थांबला.

"मामा, त्या सुईला लई भ्यायच्या. टोचली की डोळे गच्च मिटून तुमचं नाव घ्यायच्या. नुसतं 'किसन'."

माणूस भला आहे, मला बरं वाटावं म्हणून बोलला. पण मी जे नाव ऐकायला जन्म काढला, ते ऐकलं त्यानं. मी म्हटलं, ठेव रक्त. पण शिशीवर तिचं एकटीचं नाव नको, पुढं माझंही लिही. लिहितो म्हणाला.

कोटाच्या अस्तराची हातशिलाई तीच करायची, दाराजवळच्या उजेडात पाटावर बसून. मशीनला तिनं कधी हात लावला नाही, पण तिचा टाका वरून दिसायचा नाही. आता ते काम माझ्याकडं आलंय आणि नजर साथ देत नाही. परवा सुई बोटात खोल गेली आणि तोंडातून निघालं, "सुभद्रा". पुढं बाई न लावता. समोर तिचा पाट तेवढा होता. हे तरी डाक्टरनं ऐकलं नाही.