मोरपंखी शाई

काल धरमपेठेतल्या दुकानातून मोरपंखी शाईची बाटली आणली. पेनात भरून कागदावर पहिली रेघ ओढली आणि ओल्या शाईच्या वासासरशी मी उमरेडच्या आमच्या घरी, बाबांच्या रंगाच्या पातेल्यापाशी जाऊन पोचले.

बाबा विणकर होते. एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी मोरपंखी काठाची साडी सांगितली होती आणि नमुन्याला कापडाचा तुकडा दिला होता. पण सूत कधी निळं निघे, कधी हिरवं. तीन लडी वाया गेल्या. चौथी भिजवायला बाबांचा हात धजेना.

मी सातवीत होते. वहीच्या मागच्या पानावर शाया मिसळून मीही तोच रंग शोधत होते. जमला तशी पान घेऊन धावले. बाबांनी तुकडा त्यावर ठेवला. फरक दिसेना.

"कसा केला वं? मले सांग."

"तीन थेंब निळे, एक हिरवा, अन् काळ्याचं एक टिंब."

"काळा काहून?"

"त्याच्याशिवाय रंग गहिरा होत नाही, बाबा."

बाबांनी त्याच प्रमाणात रंग कालवून चौथी लड भिजवली. दुपारी दोरीवर वाळत घातलेलं सूत उन्हात हुबेहूब मोरपंखी झळकलं. मी अंगणभर नाचले. तेव्हा वाटलं, मी रंग जिंकला. आज कळतं, सारा जन्म रंगात हात बुडवलेला माणूस लेकीला 'मले सांग' म्हणाला, हे त्याहून मोठं होतं.

साडी पाहून बाई हरखल्या. "रंग कोणी केला?"

बाबांनी मला पुढे ओढलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "माह्या पोरीनं!"